भावाची बोट आणि बोटीची गाडी

गेल्या मे महिन्याच्या सुटीत न्यूझीलंडला, क्राइस्टचर्चच्या धाकट्या भावाकडे गेलो होतो. त्याने जेट बोट घेतल्याचे ऐकून होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात गेलो, तो या वेगवान वाहनाच्या मालकाचे फक्त पाय दिसले. बाकीचा भाऊ ट्रेलरखाली होता.

“अरे, बोट दाखवायची सोडून हे काय?”

“दादा, बोट सांभाळायची म्हणजे निम्मे हेच सांभाळायचे,” आतून उत्तर आले.

“त्या चाकाची हकिकत विचारा, भाऊजी,” भावजय दारातून म्हणाली.

हकिकत अशी. बोट जुनी घेतली. घेताना इंजिन ऐकले, ॲल्युमिनियमचा तळ ठोकून पाहिला. ट्रेलरच्या चाकांकडे पाहायचे कोणाला सुचणार? पहिल्याच महिन्यात भर महामार्गावर डावे चाक निखळले आणि मोटारीला मागे टाकून पुढे धावत गेले. रस्ता मोकळा होता म्हणून निभावले. मागच्या आसनावर माझी सहा वर्षांची पुतणी होती.

दोष पाण्याचा. बैलगाडीच्या चाकाला तुंबा असतो, तसा याच्याही चाकाला असतो. आत बेअरिंग आणि वंगण. नदीपर्यंतच्या रस्त्यात तो तापतो. काठावर पोचताच ट्रेलर चाकांसकट थंड पाण्यात घालतात. आतली तापलेली हवा एकदम आकसते आणि फटीतून पाणी ओढून घेते. वंगणाचा पांढुरका चिखल होतो, बेअरिंग गंजते आणि एके दिवशी जळते. उपाय म्हणजे पाण्यात घालण्यापूर्वी तुंबा निवू द्यायचा आणि वंगण वेळच्या वेळी बदलायचे. आमचे आजोबा बैलगाडीखाली वंगणाचे भांडे टांगूनच गावाला निघत. नातवाला ही विद्या शिकायला समुद्र ओलांडावा लागला!

रविवारी राकाया नदीवर निघालो. ट्रेलर ओढणाऱ्या मोटारीला तिकडे ताशी ९० किलोमीटरची मर्यादा आहे. भाऊ ऐंशीच्या वर गेला नाही. राकायाला नदी म्हणायचे, पण ती एक नव्हेच. गोट्यांच्या अफाट पात्रात वेणीचे पेड सुटावेत तशा तिच्या धारा आहेत, आणि पूर आला की त्या वाट बदलतात. तिच्यावरचा पूल पावणेदोन किलोमीटर लांब आहे. अशा उथळ पाण्यात तळाखाली पंखा असलेली बोट नेली, तर पंखा गोट्यांवर आपटून तुटायचा. म्हणूनच १९५४ च्या सुमारास बिल हॅमिल्टन या मेंढ्या पाळणाऱ्या शेतकऱ्याने याच मुलखात आपली बोट सिद्ध केली. तळाच्या जाळीतून पाणी आत ओढायचे, आतल्या पंख्याने ते दाबायचे आणि मागच्या तोंडातून झोताने फेकायचे. ते तोंड पाण्याच्या वर आणल्यावर वेग आणखी वाढला. १९६० साली त्याच्या बोटी ग्रँड कॅन्यनमधून कोलोरॅडोच्या प्रवाहाविरुद्ध वर गेल्या. १९७७ साली एडमंड हिलरी गंगासागराहून गंगेने वर निघाले, तेही याच बोटींनी. नंदप्रयागजवळच्या धबधब्याने त्यांना अडवले.

भावाने चाक माझ्या हाती दिले. इथे माझ्या सायकलस्वार पिंडाने घात केला. या बोटीला वेगळे सुकाणू नाही. झोताचे तोंड वळवले की बोट वळते. झोत मंदावला की वळणेही संपले. मला हे सांगितलेले होते. पण समोर गोट्यांचा उंचवटा दिसला आणि पाय आपसूक वर आला. चाक फिरवतो आहे, आणि बोट सरळ उंचवट्याकडे!

“दादा, पाय दाब!” म्हणत त्याने माझा गुडघाच खाली रेटला. बोट वळली, पण तळाखाली खडखडाट झाला. थोडी खडी आत गेली होती.

काठावर आल्यावर तो कितीतरी वेळ पंख्याच्या कडांवरून बोट फिरवत होता. कडा झिजून भोवतालच्या कड्याशी फट वाढली, की इंजिन नुसते गर्जते आणि बोट रेंगाळते. “थोडी खरवडलीय,” एवढेच तो म्हणाला. मी खर्च देऊ केला. त्याने तळाचे बूच काढून माझ्या हातात ठेवले आणि हे सांभाळ म्हणाला. हे बूच लावायचे विसरले तर बोट उतरताच भरू लागते. मग जाळीतले शेवाळ वेचणे आले. २००४ साली तिकडच्या नद्यांत डिडिमो नावाचे शेवाळ सापडले. ते दुसऱ्या पाण्यात जाऊ नये म्हणून घरी गेल्यावर साबणाच्या पाण्याने बोट धुवायची आणि कोरडी झाल्यावरही ४८ तास ठेवायची. सहल तीन तासांची, संसार तीन दिवसांचा. भावजयीच्या कपाळावरची आठी मला तेव्हा कळली.

परतताना पेट्रोलपंपावर थांबलो. पुतणी कोणी न सांगता उतरली. डाव्या तुंब्याला तिने आधी बोटाचे टोक लावले, मग सगळा तळवा ठेवला.

“कोमट,” ती म्हणाली. मग पलीकडे गेली. “हाही कोमट. काका, तुम्हीपण बघा.”

मी खिशातले बूच चाचपले आणि तिच्याशेजारी उकिडवा बसलो.