बाळू पालवणकर : खेळपट्टी झाडणारा गोलंदाज

बाळू पालवणकर यांचा जन्म 1876 साली धारवाडला झाला. घराणे मूळचे कोकणातील पालवणचे, चर्मकार समाजातले. वडील लष्करात नोकरीला होते. छावणीतल्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन पुण्यात बाळू आणि त्यांचे भाऊ खेळायला शिकले.

पहिली नोकरी पारशी क्लबात, मैदान झाडायची आणि रूळ फिरवायची. पगार महिना 3 रुपये. 1892 च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले, तिथे 4 रुपये मिळू लागले. जाळी बांधून झाली की साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. नामांकित फलंदाज कॅप्टन ग्रेग इतरांच्या आधी येऊन त्यांच्यासमोर सराव करत आणि बाद झाले की आठ आणे देत, असे सांगतात. तासन् तासांच्या या कामातूनच त्यांची डावखुरी मंदगती फिरकी घडली. फलंदाजीची संधी मात्र त्यांना जवळजवळ कधीच मिळाली नाही.

पुण्याच्या हिंदू क्लबात त्यांना घ्यावे की नाही, यावर वाद झाला. शेवटी घेतले ते सामने जिंकायचे होते म्हणून. मैदानात सगळे एकच चेंडू हाताळत. चहाच्या वेळी मात्र इतरांना कपबशी, आणि बाळूंना पॅव्हेलियनबाहेर मातीच्या पेल्यात चहा.

1896 नंतर, प्लेगच्या दिवसांत, ते मुंबईत आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. फेब्रुवारी 1906 मध्ये हिंदू संघाने युरोपियनांना 109 धावांनी हरवले. युरोपियनांचा दुसरा डाव 102 धावांत आटोपला, त्यात मोठा वाटा बाळूंचा होता. सत्ताधाऱ्यांना त्यांच्याच खेळात हरवल्याचा तो आनंद होता.

1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. 23 पैकी 15 सामने संघ हरला. तरीही पस्तिशीतल्या बाळूंनी, खांदा दुखत असताना, दौऱ्यात 114 गडी बाद केले. परतल्यावर मुंबईत त्यांचा सत्कार झाला. त्या निमित्ताने बोलणाऱ्यांत तरुण भीमराव आंबेडकर होते.

एवढे करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी दिले गेले नाही. कर्णधार एम. डी. पै यांनीच जाहीरपणे म्हटले होते की हा मान बाळूंचा होता. 1920 मध्ये त्यांना वगळल्यावर शिवराम आणि विठ्ठल या भावांनी माघार घेतली. पुढे बाळूंना उपकर्णधार केले गेले आणि पै काही वेळ मैदानाबाहेर गेल्यावर तेवढ्यापुरते नेतृत्व त्यांच्याकडे आले. पूर्ण कर्णधारपद न देणे हा निव्वळ अन्याय होता. 1923 मध्ये विठ्ठल कर्णधार झाले.

बाळू पुढे राजकारणात उतरले. 1932 च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. 1937 मध्ये काँग्रेसच्या तिकिटावर ते डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि पराभूत झाले. 1955 मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. प्रथम श्रेणीच्या 33 सामन्यांत त्यांचे 179 बळी आहेत, सरासरी 15.21. भारत पहिली कसोटी खेळला 1932 मध्ये. तेव्हा बाळू 56 वर्षांचे होते.