सरड्याचें कुंपण

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, अशी आपली जुनी म्हण आहे. पण श्रोतेहो, आज मुंबई-पुण्याच्या कांहीं घरांत मध्य व दक्षिण अमेरिकेंतला हिरवा इग्वाना हौसेनें पाळलेला दिसतो, आणि पांच-सहा फूट लांब होणाऱ्या या सरड्याचें कुंपण आपणांसच बांधावें लागतें. तें कसें असावें, याचा आज विचार करूं.

प्रथम प्रश्न असा कीं, त्याला घराबाहेर न्यावें तरी कशाला? उन्हासाठीं. उन्हांतील अतिनील किरण कातडीवर पडले म्हणजे ‘ड’ जीवनसत्त्व तयार होतें. त्यावांचून अन्नांतलें कॅल्शियम शरीराला पुरेसें मिळत नाहीं, हाडें मऊ पडतात, पाय वांकतात. हे उपयुक्त किरण साधी कांच जवळजवळ सर्वच अडविते. खिडकीआडचें ऊन ऊब देईल, पोषण देणार नाहीं.

म्हणून कोणी कांचेची पेटीच उचलून गच्चींत ठेवतात. हा घातक उपाय होय. पेटींतली हवा झपाट्यानें तापते. सरड्याला घाम येत नाहीं. तो जागा बदलूनच अंगाची उष्णता कमीजास्त करतो. हलण्यास सावली नसेल, तर थोड्याच वेळांत तो दगावतो.

तेव्हां पिंजरा जाळीचा असावा, आणि त्यांत ऊन व सावली दोन्हीं असावीं. निदान सहा फूट उंच, सहा फूट लांब व तीन फूट रुंद अशी लांकडी चौकट करावी. तिला अर्ध्या इंचाच्या छिद्रांची, सांधे जोडलेली मजबूत जाळी चारी बाजूंनीं व वरूनहि ठोकावी; कारण घार, कावळा, मांजर व उंदीर हे सारेच त्याचे वैरी. तारांचीं टोंकें आंत राहूं देऊं नयेत. बागेंत जाळी फूटभर जमिनींत पुरावी. गच्चीवर चौकट वाऱ्यानें उलटणार नाहीं अशी बांधून टाकावी.

छपराचा अर्धा भाग बांबूच्या तट्ट्यानें झांकावा. पत्रा तापतो, तो नको. सूर्याबरोबर सावलीहि सरकते, म्हणून प्राणी आंत सोडण्यापूर्वीं एक दिवस सावलींत उष्णतामापक टांगून सकाळीं, दुपारीं व सायंकाळीं पाहावा. सावलींतहि पारा ३५ अंशांवर जात असेल, तर प्राण्याला केवळ सकाळच्या उन्हांतच ठेवावें. चढण्यास जाड फांद्या व पाण्याचें पसरट भांडें असावें. कुंडींत जास्वंद लावावी, तिचीं फुलें तो आवडीनें खातो. कण्हेर विषारी, ती जवळपासहि नको.

दार दुहेरी करावें. बाहेरचें लावल्याखेरीज आंतलें उघडूं नये. फ्लॉरिडांत सुटलेल्या व सोडून दिलेल्या इग्वानांची प्रजा एवढी वाढली कीं, ते कालव्यांचे कांठ पोखरूं लागले, आणि २०२१ मध्यें तेथें नव्यानें इग्वाना पाळण्यास बंदी झाली.

कायद्याचेंहि भान हवें. आपली घोरपड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें रक्षिलेली आहे. ती पाळणें गुन्हा आहे. इग्वाना पाळणाऱ्यासहि २०२४ च्या नियमांप्रमाणें सरकारीं नोंद करावी लागते.

कुत्रा भुंकून तक्रार करील, मांजर ओरडेल. सरडा मुकाट्यानें सोसतो. त्याला केव्हां ऊन हवें व केव्हां सावली, हें त्याचें त्यालाच ठरवितां येईल एवढी सोय आपण केली, म्हणजे कुंपण चांगलें झालें असें समजावें.