हातचा एक, पाळ्या तीन

सात आणि आठ पंधरा. पंधराचे पाच, हातचा एक. पाटीवर संख्येच्या डोक्यावर लिहिलेला तो बारीकसा एक आपण पुढच्या घरात मिळवतो आणि विसरून जातो. विसाव्या शतकातल्या बीजगणितात मात्र या हातच्याला मोठा मान आहे. कोहोमॉलॉजी नावाच्या शाखेत त्याला कोसायकल म्हणतात. शाळेतला हातचा आणि कोहोमॉलॉजी यांचं हे नातं डॅनियल आयझॅक्सन यांनी २००२ मध्ये ‘अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली’त फार सुरेख उलगडून दाखवलं. मला ते उरला इथल्या कारखान्यांच्या पाळ्यांमध्ये अधिक स्पष्ट दिसतं.

रायपूरच्या उत्तरेला उरला ही औद्योगिक वसाहत आहे. रोलिंग मिल, स्पंज आयर्न, मुख्यतः लोखंडाचा कारभार. भट्टी गार होऊ देणं परवडत नाही, म्हणून दिवसाचे २४ तास पाळ्यांत कापायचे. तीन पाळ्या धरू: सहा ते दोन, दोन ते दहा, दहा ते सहा. सकाळचे सहा म्हणजे शून्य. मग रात्रीचे अकरा म्हणजे १७वा तास: दोन पाळ्या पूर्ण आणि वर एक तास. पाच तासांत सहा तास मिळवले की अकरा होतात. त्यातले आठ भरले, तीन उरले, पाळीच्या घरात हातचा एक.

हा हातचा टाळता येईल का? म्हणजे पाळीचा हिशोब वेगळा, तासाचा वेगळा, एकाचा दुसऱ्याला धक्का नाही, अशी मांडणी सापडेल का?

सापडते. पाळीतल्या ‘एक’ तासासाठी १ ऐवजी ९ घ्या. दुसऱ्या पाळीतलाही तो ‘एक’च आहे. आठ वेळा १ मिळवला तर ८ होतात, एक अख्खी पाळी अंगावर येते. आठ वेळा ९ मिळवले तर ७२, म्हणजे बरोबर तीन दिवस, आणि काटा पुन्हा शून्यावर. बाकी काही नाही. नऊच्या या उड्यांतून ०, ३, ६, ९ असे तीनच्या पाढ्यातले आठ तास मिळतात. आता दिवसातला कुठलाही तास म्हणजे आठच्या पाढ्यातला एक आणि तीनच्या पाढ्यातला एक यांची बेरीज, आणि तीही एकाच प्रकारे: १७ म्हणजे ८ अधिक ९, ५ म्हणजे ८ अधिक २१, वजा एक दिवस. चोवीस तासांच्या बेरजेची ही व्यवस्था म्हणजे गणितातला एक ‘गट’; त्याचे दोन उपगटांत स्वच्छ अवयव पडले.

आता बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या करा. ‘एक’ तासासाठी उमेदवार दोनच, १ आणि १३. बारा वेळा १ म्हणजे १२. बारा वेळा १३ म्हणजे १५६. त्यातून सहा दिवसांचे १४४ वजा केले की पुन्हा १२. अर्धा दिवस काही केल्या जात नाही.

कोहोमॉलॉजी नेमकं हेच मोजते. तिच्या दुसऱ्या पायरीवर, एच-टू या गटात, मोडता न येणाऱ्या हातच्यांची नोंद असते. तीन पाळ्यांसाठी तिथे फक्त शून्य आहे. दोन पाळ्यांसाठी नोंदी दोन: एक आपलं नेहमीचं घड्याळ आणि दुसरं असं, ज्याचा काटा बारा ओलांडतो पण दिवस-रात्रीचं बटण आपोआप पालटत नाही; हातचा नसलेली ही शून्याची नोंद. पहिली पायरी, एच-वन, विचारते की अवयव पडत असतील तर किती तऱ्हांनी. उरल्याच्या तीन पाळ्यांत १ आणि १७ हे बाकीचे उमेदवार अपयशी ठरतात, तऱ्हा एकच.

याचं मूळ कारण साधं आहे: ३ आणि ८ यांना सामाईक अवयव नाही. असं असलं की गट फुटतोच, मग त्यात क्रम बदलला की उत्तर बदलत असलं तरी. हे शूर-झासेनहाउस प्रमेय. फुटण्याच्या सगळ्या तऱ्हा मुळात एकमेकींचीच रूपं असतात, हे प्रत्येक गटासाठी ठामपणे म्हणायला मात्र १९६३ मधला फाइट आणि थॉम्प्सन यांचा २५५ पानांचा निबंध लागला. ऑटो श्रायर यांनी १९२६ मध्ये हातच्यांचे नियम लिहिले होते; १९४०च्या दशकात आयलेनबर्ग आणि मॅक लेन यांनी ओळखलं की आकृत्यांमधली भोकं मोजणारं गणितही हेच आहे. मला ही ओळख त्या शतकातल्या सर्वांत देखण्या घटनांपैकी एक वाटते.

यात एक मराठी नावही आहे. उज्जैनला १९३० साली जन्मलेले, ग्वाल्हेरला वाढलेले श्रीराम अभ्यंकर. कोणते गट कोणत्या वक्रांवर सममिती म्हणून अवतरू शकतात, याविषयी त्यांनी १९५७ मध्ये अटकळ बांधली. १९९० मध्ये सेर यांनी तिचा एक भाग सिद्ध केला तो याच वाटेने: एच-टू शून्य आहे, म्हणून आड येणारा अडथळाच उरत नाही. पूर्ण सिद्धता १९९४ मध्ये रेनो आणि हारबेटर यांनी दिली.

दुसरीतलं पोर विचारतं, हातचा घ्यावाच का लागतो? त्याला करून बघू द्या. एककाच्या ‘एक’साठी १ घे, नाहीतर ११, २१, थेट ९१ घे. दहा वेळा मिळव आणि शंभर-शंभर काढून टाक. ९१ दहा वेळा म्हणजे ९१०. नऊशे गेले, राहिले दहा.