अर्ध्या वितीचा आराम

गाडी कशी आहे हे सांगायला मराठीत एक जुनं माप आहे: पोटातलं पाणी हललं का? हे माप वाटतं त्याहून नेमकं आहे. बसलेल्या माणसाला सेकंदाला चार ते आठ वेळा खाली-वर हलवलं, तर शरीर सर्वांत जास्त तक्रार करतं, कारण पोटाच्या आतला सगळा ऐवज याच गतीला डोलू लागतो. कंपनं आणि माणसाचं शरीर यांचा हिशेब मांडणारं ‘आयएसओ २६३१’ हे मानक हेच आकड्यांत सांगतं. सेकंदाला एक-दीड हेलकावा मात्र आपल्याला खटकत नाही. चालतानाही शरीर याच्याच आसपास वर-खाली होत असतं. आता संकेश्वरहून गडहिंग्लज, आजरा, आंबोली करत बांद्याकडे जाणारी वाट घ्या, किंवा गडहिंग्लजमधून आसपासच्या खेड्यांकडे फुटणारा कुठलाही रस्ता. ताशी ६० किलोमीटरनं जाताना दर दोन ते चार मीटरवर उंचवटा आला, तर गाडीला सेकंदाला नेमके चार ते आठ हिसके बसतात. ठिगळं लावलेल्या डांबरावर एवढं अंतर सहज सापडतं. म्हणजे सेडान गाडीचं काम एका वाक्यात सांगता येतं: रस्त्याकडून आलेले हे हिसके वाटेतच अडवायचे आणि सीटपर्यंत फक्त संथ हेलकावा पोचू द्यायचा.

हे काम सस्पेन्शन करतं असा सर्वसाधारण समज आहे, आणि सस्पेन्शन म्हणजे स्प्रिंग, तीही मऊ. माझ्या मते आरामाचा पहिला फैसला टायरच्या बाजूच्या भिंतीत होतो, दुसरा शॉकअपच्या तेलात; स्प्रिंगचा मऊपणा तिसऱ्या नंबरवर येतो. यावर कोणीही जाणकार लगेच हरकत घेईल. मध्यम सेडानच्या एका चाकावर वीस-पंचवीस किलो जादा भार आला की स्प्रिंग सेंटिमीटरभर दबते. टायर तेवढाच दाबायला दोनशे किलोच्या आसपास वजन लागतं. दहापट कडक असलेला टायर आरामाचा मालक कसा? उत्तर असं की स्प्रिंगला वेळ लागतो. चाक, रिम, ब्रेक यांचं वजन आधी उचललं गेलं तरच स्प्रिंग दबते. मुठीएवढ्या खडीवरून चाक जातं तेव्हा एवढी सवड नसते. टायर मात्र त्या खडीभोवती वाकतो, ती पोटात घेतो, आणि चाकाला वर उचलायची गरजच बरीचशी संपते. बारीक, धारदार खडबड टायरनं गिळली नाही, तर पुढं ती गिळणारं कोणी नाही. चाकाला गाडीशी जोडणाऱ्या लोअर आर्मचे रबरी बुश थोडंफार चावतात एवढंच.

इतिहास थोडक्यात उरकता येतो. हवेच्या टायरचं पेटंट रॉबर्ट थॉमसननं १८४५ मध्ये घेतलं आणि जग ते विसरलं. १८८८ मध्ये डनलॉपनं तो पुन्हा शोधला. मिशलिनचा रेडियल १९४६ चा. रेडियलमध्ये रस्त्याला टेकणारा पट्टा कडक आणि बाजूची भिंत लवचीक ठेवता आली, आजचा आराम तिथून सुरू होतो. मला जास्त मोह पडतो तो मॉरिस ओली या इंग्रज इंजिनिअरचा. १९३० च्या दशकात अमेरिकेत जनरल मोटर्ससाठी काम करताना त्यानं पाहिलं, की उंचवटा पुढच्या चाकांना आधी भेटतो आणि मागच्यांना नंतर, म्हणून गाडी नाक वर, शेपूट खाली अशी झुलत राहते. त्याचा तोडगा मजेदार आहे: मागची स्प्रिंग पुढचीपेक्षा जरा चपळ ठेवा. ताशी ४० किलोमीटरला २.६ मीटर अंतरावरची मागची चाकं पाव सेकंद उशिरा उडतात, पण चपळ असल्यामुळे दोन-एक हेलकाव्यांत पुढच्यांना गाठतात आणि गाडी सपाट हलू लागते. मागच्या सीटचं सुख असं वेळ साधण्यातून येतं.

आणि तो हेलकावा विझवायचा कोणी? शॉकअपनं. नळीत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोकं आणि त्यांवर पोलादी चकत्यांच्या झडपा. चाक हललं की तेलाला त्या भोकांतून दाटीवाटीनं जावं लागतं आणि हालचालीची उष्णता होते. वरून गंमत अशी, की हा प्राणी दोन्ही बाजूंना सारखा वागत नाही. चाक वर येताना तो फारसा अडवत नाही, नाहीतर धक्काच सीटला लागेल. स्प्रिंग परत फाकताना मात्र तो दोन-तीनपट जोर लावून तिला धरतो. हळू हालचालीला एक हिशेब, झटक्याला दुसरा. डिझायर, सिटी, व्हर्ना, स्लाव्हिया, व्हर्टस या सगळ्यांत पुढं मॅकफर्सन स्ट्रट आणि मागं टॉर्शन बीम, म्हणजे सांगाडा जवळपास एकच आहे. तरी प्रत्येकीची बैठक वेगळी लागते. त्या फरकाचा मोठा वाटा झडपांच्या चकत्या किती जाड आणि किती, यात लपलेला असतो. माहितीपत्रकात त्याची ओळही नसते.

इथं अ‍ॅम्बेसेडरची आठवण काढणारे येणारच. ती मऊ होती, हे खरं. पण तिच्या मागं कमानपाटे आणि जड अ‍ॅक्सल होता, एक खड्डा गाडीभर बराच वेळ घुमायचा. तिचा खरा ऐवज होता उंच, जाड टायर. आणि नेमकी तीच गोष्ट आपण हळूहळू देऊन टाकतो आहोत. १६५/८० आर १४ टायरची भिंत १३२ मिलिमीटर भरते, १८५/६५ आर १५ ची १२०, २०५/५५ आर १६ ची ११३, म्हणजे बरोबर अर्धी वीत. १८५/५५ आर १६ वर ती १०२ वर येते. तिन्ही आकारांच्या रिममध्ये बाहेरून चाक जवळपास तेवढंच दिसतं. वाढते ती मिश्रधातूची चकाकी, घटतं ते रबर आणि हवा. बुटकी भिंत वळणावर कमी मुरडते, स्टिअरिंगला लगेच जबाब देते, मोठ्या रिममध्ये मोठा ब्रेक मावतो, हा बचाव मला मान्य आहे. आंबोलीच्या वळणांवर तो पटतोही. पण खड्ड्याच्या काठावर हीच भिंत रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटली की आतले दोर तुटतात आणि टायरला फुगा येतो. तो फुगा दुरुस्त होत नाही.

रस्ताही आपलं काम चोख करतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असतो. ताशी २५ ला त्यावरून गाडी लाटेवरून जावी तशी जाते. गावाच्या वेशीवर रातोरात घातलेला गतिरोधक तेवढाच उंच असतो, पण रुंदी शेताच्या बांधाएवढी. तिथं पाच माणसं आणि भरलेली डिकी घेऊन गेलेल्या सेडानची स्प्रिंग आधीच निम्मी दबलेली असते, उरलेली जागा संपते आणि गाडी आपटते. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या जिथं चाकोऱ्या पाडतात, तिथं दोन्ही बाजूंची चाकं वेगवेगळी हलतात आणि डोकं आडवं झुलतं. मग एसयूव्ही घ्या, असा सल्ला मिळतो. उंचीमुळे पोट घासत नाही, खरं. पण उंच गाडी वळणावर कलू नये म्हणून तिला कडक बांधावी लागते, आणि हे आडवं झुलणं तिच्यात बहुधा वाढतंच.

उरलेलं नुकसान आपण हातानं करतो. दरवाजाच्या चौकटीवरच्या चिठ्ठीत ३३ लिहिलेलं असताना मायलेजसाठी ४० हवा भरली, की टायरचा कडकपणा जवळपास त्याच प्रमाणात चढतो. भिंतीवरच्या चार आकड्यांत टायरचा जन्म असतो, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी जुन्या टायरचं रबर वाळत आलेलं असतं. शॉकअपचं दुखणं त्याहून चोरटं. तो एका दिवसात मरत नाही, तेल आणि वायूचा दाब महिन्यामहिन्यानं सोडतो, आणि चालवणाऱ्याला त्याची सवय होत जाते. पुढच्या सीटवर ते कळतही नाही, कारण ती दोन अ‍ॅक्सलच्या साधारण मध्ये असते. कळतं ते मागं, बीमच्या जवळ, जिथं घरातली म्हातारी माणसं बसतात. टेस्ट ड्राइव्हला ती सहसा नसतात, आणि असली तरी दोन किलोमीटर, शोरूमसमोरच्या सपाट डांबरावर.