एकवीस पराभव आणि पन्नास हजार चाहते

दोस्तांनो, एक नाणं घ्या आणि उडवा. छापा पडला की आपण जिंकलो, काटा पडला की हरलो. असं एकवीस वेळा करा. एकवीसच्या एकवीस वेळा काटा पडेल का हो? हवं तर करून पाहा! अख्खा रविवार जाईल, हात दुखून येतील, पण ओळीनं एकवीस काटे काही पडायचे नाहीत. गणित सांगतं, की असं व्हायची शक्यता २० लाख ९७ हजार १५२ मध्ये फक्त एक!

आणि तरीही अमेरिकेतल्या एका बेसबॉल संघाच्या वाट्याला असंच काहीसं आलं. १९८८ सालच्या हंगामात तो संघ पहिला सामना हरला. दुसरा हरला. तिसरा हरला. असं करत करत ओळीनं एकवीस सामने हरला! या संघाची, आणि त्याहून जास्त त्याच्यासाठी कडाकडा भांडणाऱ्या चाहत्यांची ही गोष्ट.

हळद्याचा अमेरिकन नामबंधू

मेरीलँड राज्यात बाल्टिमोर नावाचं एक जुनं बंदराचं शहर आहे. तिथल्या संघाचं नाव 'ओरिओल्स'. ओरिओल हा तिथला एक देखणा पक्षी, नारिंगी आणि काळ्या रंगाचा. आपल्याकडच्या पिवळ्याधमक हळद्यालाही इंग्रजीत ओरिओलच म्हणतात. गंमत म्हणजे हे दोघे एका कुळातले नाहीत. रंगरूप पाहून अमेरिकेत गेलेल्या लोकांनी आपल्या ओळखीचं नाव त्या पक्ष्याला देऊन टाकलं, इतकंच! संघाची टोपीही काळी-नारिंगी असते.

आता थोडं बेसबॉलविषयी. प्रत्येक संघात नऊ खेळाडू. पिचर चेंडू फेकतो, पण टप्पा न पाडता. फलंदाजाच्या हाती गोल दंडुक्यासारखी बॅट. चेंडू मारायचा आणि चार बेसना फेरी मारून परत यायचं, की एक धाव. चेंडू थेट कुंपणापार गेला तर 'होम रन', म्हणजे आपला षटकारच समजा ना! दोन्ही संघ आळीपाळीनं नऊ डाव खेळतात. बरोबरी झाली तर निकाल लागेपर्यंत जादा डाव. त्यामुळे सामना अनिर्णित राहिला, पावसानं वाचवलं, असली पळवाट सहसा नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा, कारण सगळा वाद तिच्यावरच आहे. अमेरिकेतल्या मोठ्या लीगमध्ये प्रत्येक संघ एका हंगामात तब्बल १६२ सामने खेळतो! वसंत ऋतूपासून सप्टेंबर संपेपर्यंत जवळजवळ रोज सामना. मग पहिल्या दहा-वीस सामन्यांवरून संघ चांगला की वाईट, हे ठरवायचं कसं?

एप्रिलचा महिना

ओरिओल्स म्हणजे काही लिंबूटिंबू संघ नव्हता बरं का! १९६६, १९७० आणि १९८३ साली त्यानं जागतिक मालिका जिंकली होती. पण १९८३ नंतर घसरण सुरू झाली. १९८८च्या हंगामात मॅनेजर होते कॅल रिपकन सीनियर. बेसबॉलमध्ये कोणाला खेळवायचं, कोणाला बसवायचं, हे मॅनेजर ठरवतो. रिपकनसाहेबांची दोन मुलं, कॅल ज्युनियर आणि बिली, त्याच संघात खेळत होती! १९८७ साली आपल्या दोन मुलांना एकाच वेळी मोठ्या लीगमध्ये खेळवणारे ते पहिले मॅनेजर ठरले होते.

४ एप्रिल १९८८. घरचं मैदान, पहिला सामना, समोर मिलवॉकी ब्रुअर्स. निकाल? ०-१२! पुढचे पाच सामनेही गेले. १२ एप्रिलला रिपकनसाहेबांना काढून टाकण्यात आलं. अवघ्या सहा सामन्यांनंतर! त्यांच्या जागी आले फ्रँक रॉबिन्सन. आपल्या काळात गाजलेले फलंदाज, आणि १९७५ साली मोठ्या लीगमधले पहिले कृष्णवर्णीय मॅनेजर झालेले रॉबिन्सन.

कल्पना करा, त्या दोन मुलांना काय वाटलं असेल? वडिलांना घरी पाठवलं, आणि आपण मात्र दुसऱ्या दिवशी तीच टोपी घालून मैदानात उतरायचं. ते उतरले. वडिलांच्या पाठीवर असायचा तो ७ क्रमांक पुढे बिलीनं आपल्या पाठीवर घेतला.

मॅनेजर बदलला, पण निकाल काही बदलेना. हंगामाच्या सुरुवातीचा तोवरचा सर्वांत वाईट विक्रम होता ओळीनं १३ पराभवांचा. ओरिओल्सनी तो मागे टाकला आणि तरी हरतच राहिले. बॉब रिव्हर्स नावाच्या तिथल्या रेडिओ निवेदकानं जाहीर केलं, की संघ जिंकेपर्यंत मी माइक सोडणार नाही. बिचाऱ्याला वाटलं असेल, दोन-तीन दिवसांचा प्रश्न आहे! गाणं लावायचं, तेवढ्यात डुलकी काढायची, पुन्हा बोलायला लागायचं. २५८ तास, म्हणजे जवळजवळ अकरा दिवस तो तिथंच अडकून पडला.

चूक कोणाची?

आता सांगा, अशा वेळी चाहते काय करतील? भांडतील, दुसरं काय! आपल्याकडे क्रिकेटचा संघ हरला, की कट्ट्यावर प्रत्येक जण निवड समितीचा अध्यक्ष होतो, तसंच तिथंही.

एक बाजू म्हणणार, "सहा सामन्यांवरून मॅनेजरला काढतात का कधी? अजून दीडशेच्या वर सामने आहेत. धीर धरा."

दुसरी बाजू म्हणणार, "धीर कसला? गेल्या वर्षीही ९५ सामने हरलो. हे काही आजचं दुखणं नाही. वेळीच उपाय नको का करायला?"

तिसऱ्याचं म्हणणं वेगळंच. "मॅनेजर काय करणार? चेंडू तो फेकतो का? मालकांनी चांगले खेळाडूच आणले नाहीत!"

तुम्ही कोणाच्या बाजूनं? उत्तर देण्याआधी तीन जुनी-नवी उदाहरणं पाहा.

१९८७ साली मिलवॉकी ब्रुअर्सनी पहिले तेराच्या तेरा सामने जिंकले. चाहत्यांना आभाळ ठेंगणं झालं. पण मे महिन्यात तेच ओळीनं १२ सामने हरले, आणि शेवटी आपल्या गटात तिसरे आले.

१९८४ साली डेट्रॉइट टायगर्सनी पहिल्या ४० सामन्यांपैकी ३५ जिंकले. त्यांनी मात्र वर्षअखेर जागतिक मालिकाही जिंकली.

आणि २०१९ सालची गोष्ट तर ऐकाच. बाल्टिमोरपासून साधारण साठ किलोमीटरवर वॉशिंग्टन शहर आहे. तिथल्या 'नॅशनल्स' संघाची पहिल्या ५० सामन्यांनंतरची अवस्था होती १९ विजय आणि ३१ पराभव. मॅनेजर डेव्ह मार्टिनेझ यांना काढा, अशी ओरड सुरू झाली. त्यांना काढलं नाही. संघानं उरलेल्या ११२ सामन्यांपैकी ७४ जिंकले आणि त्याच वर्षी जागतिक मालिका खिशात घातली!

म्हणजे सुरुवात कधी खरं सांगते, कधी साफ फसवते. मग करायचं काय?

गणित काय म्हणतं?

पुन्हा आपल्या नाण्याकडे येऊ. नाण्याचं जिंकणं-हरणं निम्मं निम्मं असतं. १९८८च्या पूर्ण हंगामात ओरिओल्स १६१ सामने खेळले आणि ५४ जिंकले, १०७ हरले. म्हणजे तीन सामन्यांत साधारण एक विजय. अशा संघानं ओळीनं २१ सामने हरण्याची शक्यता किती? दोन तृतीयांशला स्वतःशीच एकवीस वेळा गुणत जा. उत्तर येतं सुमारे ५ हजारांत एक. वीस लाखांत एक कुठे आणि पाच हजारांत एक कुठे!

यातून दोन गोष्टी कळतात. संघ खरोखरच कमकुवत होता. चांगल्या संघावर अशी पाळी येणं जवळजवळ अशक्य. पण नशीबही तितकंच रुसलं होतं. कारण कमकुवत संघसुद्धा तीनांत एकदा जिंकतोच की! मालिका तुटल्यावरच्या १४० सामन्यांत याच संघानं ५४ विजय मिळवले. म्हणजे 'संघ वाईट आहे' म्हणणारे बरोबर होते, आणि 'इतका काही वाईट नाही' म्हणणारेही बरोबर होते. बहुतेक वाद असेच असतात. दोघंही आपापला अर्धा भाग घट्ट धरून बसलेले!

पन्नास हजारांची रात्र

अखेर २९ एप्रिलला शिकागोमध्ये ओरिओल्सनी व्हाइट सॉक्सना ९-० असं हरवलं. रेडिओवाल्या रिव्हर्सची सुटका झाली! पण पुढचे दोन सामने पुन्हा गेले. १ विजय आणि २३ पराभव घेऊन संघ बाल्टिमोरला परतला. २ मे रोजी घरच्या मैदानावर सामना होता. अशा संघाचा खेळ पाहायला कोण येणार, असं तुम्हाला वाटेल ना?

आले ५० हजार ४०२ लोक!

का आले, हे समजायला चार वर्षं मागं जायला हवं. बाल्टिमोरचा 'कोल्ट्स' नावाचा फुटबॉल संघ होता, अमेरिकन पद्धतीच्या फुटबॉलचा. शहराचा जीव की प्राण. मार्च १९८४ मध्ये एका रात्री सामान वाहणारे ट्रक आले, संघाचं सगळं सामान भरलं आणि ते इंडियानापोलिस शहराकडे निघून गेले. सकाळी लोक उठले तर संघच गेलेला! अमेरिकेत संघ हा मालकाच्या मालमत्तेसारखा असतो. तो उचलून दुसऱ्या शहरात नेता येतो. ओरिओल्सचे मालक एडवर्ड बेनेट विल्यम्स हे वॉशिंग्टनचे वकील. संघ हरतोय, मैदान जुनं झालंय. मग हाही संघ एके दिवशी जाणार, अशी धास्ती बाल्टिमोरकरांच्या मनात होती. म्हणून ते हरणाऱ्या संघासाठी रांगा लावून आले. आम्ही आहोत, हे त्यांना दाखवायचं होतं.

त्याच रात्री राज्याचे गव्हर्नर विल्यम डोनाल्ड शेफर आणि मालक विल्यम्स यांनी मैदानावर जाहीर केलं, की नव्या मैदानासाठी पंधरा वर्षांचा करार झाला आहे. संघ इथंच राहणार! कोल्ट्स गेले तेव्हा हेच शेफर शहराचे महापौर होते. लोकांनी एकच जल्लोष केला. आणि त्या रात्री ओरिओल्स चक्क जिंकलेसुद्धा!

पुढं काय झालं?

विल्यम्स यांचं त्याच ऑगस्टमध्ये कर्करोगानं निधन झालं. त्या वर्षी संघ शेवटचाच राहिला. एका रात्रीत जादू झाली नाही. पण १९८९ साली, बहुतेक तरुण पोरं घेऊन, रॉबिन्सननी ८७ सामने जिंकून दाखवले. आदल्या वर्षीपेक्षा ३३ जास्त! गटातलं पहिलं स्थान अवघ्या दोन विजयांनी हुकलं, तेही हंगामाच्या अगदी शेवटच्या दिवसांत. रॉबिन्सन वर्षातले सर्वोत्तम मॅनेजर ठरले. आणि रिपकनसाहेब? त्या वर्षी ते संघात परत आले होते, प्रशिक्षक म्हणून.

नवं मैदान, कॅम्डन यार्ड्स, १९९२ साली खुलं झालं. जुन्या रेल्वे यार्डाच्या जागेवर, रेल्वेचं विटांचं लांबलचक गोदाम तसंच ठेवून बांधलेलं. तिथंच १९९५ साली धाकट्या कॅल रिपकननं ओळीनं २१३१वा सामना खेळून लू गेरिगचा विक्रम मोडला. १९८८च्या त्या भयंकर एप्रिलमधला एकही सामना त्यानं चुकवला नव्हता. चुकवला असता, तर तो विक्रम झालाच नसता!

हंगामाच्या सुरुवातीला २१ पराभवांचा तो नकोसा विक्रम मात्र अजून ओरिओल्सच्याच नावावर आहे.

तेव्हा दोस्तांनो, पुढच्या वेळी आपला लाडका संघ पहिले दोन-चार सामने हरला, तर भांडा, खुशाल भांडा! पण एका वहीत दोन रकाने आखा. एकात लिहा, 'हे नशिबामुळे झालं असेल.' दुसऱ्यात लिहा, 'हे खरंच सुधारायला हवं.' हंगाम संपला की वही उघडून पाहा, तुमचं किती बरोबर आलं ते. आणि हो, पहिल्या घटक चाचणीचे गुण पाहून आई-बाबांच्या कपाळावर आठ्या पडल्या, तर तीच वही त्यांच्यापुढे ठेवा. फक्त दुसरा रकाना कोरा ठेवून चालायचं नाही बरं का!