नदीकाठचा वाळुंज ओळखा

पंचगंगेकाठी कापसासारखे बी उडताना दिसले की मुले आम्हाला विचारतात, "ही सावर का?" नव्हे. सावरीच्या खोडावर काटे असतात, पान पंजासारखे. हा वाळुंज, परदेशातल्या कॉटनवूडचा भाऊबंद. पान लांबट, टोकदार, कडेला बारीक दाते. पालथे केले की खालून पांढुरके दिसते. नर-मादी झाडे वेगळी; कापूस फक्त मादीला.

फळ खायचे नाही म्हणून लोक याला बिनकामाचा समजून तोडतात, याचे आम्हाला वाईट वाटते. बंधू-भगिनींनो, २०१९ आणि २०२१ चे महापूर आपण पाहिले. काठाची माती याचीच मुळे धरून ठेवतात. पावसाळ्यात ओल्या मातीत फांदी रोवली तरी ती फुटते.