जादा व्याजाचा हिशेब

कंपन्यांच्या कर्जरोख्यांपैकी ज्यांचे पतमानांकन, म्हणजे परतफेडीच्या क्षमतेविषयी मानांकन संस्थेने दिलेली श्रेणी, सर्वोच्च नसते, त्यांवर कंपनीला अधिक व्याज द्यावे लागते. मुख्यत्वे अशाच रोख्यांत पैसा गुंतवणाऱ्या म्युच्युअल फंड योजनेला भारतात ‘क्रेडिट रिस्क फंड’ म्हणतात आणि बाजार नियामक सेबीच्या २०१७ च्या वर्गीकरणानुसार तिला किमान ६५ टक्के रक्कम ‘एए’ वा त्याखालील श्रेणीच्या रोख्यांत ठेवावी लागते.

योजनेच्या मासिक माहितीपत्रकातील ‘यील्ड टू मॅच्युरिटी’, म्हणजे मुदतीपर्यंत रोखे बाळगल्यास मिळू शकणारा वार्षिक परतावा, हा आकडा गुंतवणूकदाराला खेचून घेतो. परंतु सर्व रोखे मुदतीपर्यंत बाळगले आणि एकाही कंपनीने व्याज वा मुद्दल थकवले नाही, तरच तो खरा ठरतो, शिवाय त्यातून योजनेचा खर्च वजा झालेला नसतो. समजा, हा आकडा ९ टक्के आहे, तेवढ्याच मुदतीचे सरकारी रोखे ७ टक्के देतात आणि वार्षिक खर्च दीड टक्का आहे, तर पत्करलेल्या जोखमीचा मोबदला वर्षाला अवघा अर्धा टक्का उरतो. आणि ५ टक्के हिस्सा असलेल्या एकाच कंपनीने पैसे थकवून त्यातले निम्मेच वसूल झाले, तर अडीच टक्क्यांच्या फटक्यात पाच वर्षांचा मोबदला वाहून जातो. वितरकाचे कमिशन वगळणारा ‘डायरेक्ट’ पर्याय म्हणूनच येथे इतर कोणत्याही योजनेपेक्षा अधिक मोलाचा ठरतो.

मानांकनावर विसंबूनही भागत नाही, कारण आयएल अँड एफएस या पायाभूत क्षेत्रातील वित्तसमूहाने सप्टेंबर २०१८ मध्ये देणी थकवली, त्याच्या काही आठवडे आधीपर्यंत त्याला ‘एएए’ ही सर्वोच्च श्रेणी होती.

खरी कसोटी मात्र तरलतेची, म्हणजे रोखा हवा तेव्हा रास्त भावाने विकता येण्याची. फ्रँकलिन टेम्पलटन या फंड कंपनीने २३ एप्रिल २०२० रोजी सुमारे २५ हजार कोटींच्या सहा योजना बंद केल्या, त्यांपैकी नावात ‘क्रेडिट रिस्क’ असलेली एकच होती आणि उरलेल्यांत ‘अल्ट्रा शॉर्ट’सारखी अल्पमुदतीची म्हणून घेतली जाणारी योजनाही होती. युनिट कोणत्याही दिवशी परत करता येत होते, पण त्यामागच्या रोख्यांना गिऱ्हाईक नव्हते, त्यामुळे करोनाच्या टाळेबंदीत पैसे परत मागणारे वाढताच बँकांकडून उसनवारी करून पैसे चुकते करावे लागले. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने एसबीआय फंड्स मॅनेजमेंटने रोखे विकले आणि एकूण परतफेड बंदच्या दिवशीच्या मूल्यापेक्षा अधिक झाली. म्हणजे रोखे फारसे बुडीत नव्हते, हे मान्य करावे लागेल, तरी काही महिन्यांसाठी पैसे ठेवलेल्यांना ते पुढील काही वर्षांत हप्त्याहप्त्याने मिळाले, हेही त्याच हिशेबात धरले पाहिजे.

म्हणून माहितीपत्रकात एकाच उद्योगसमूहाचा हिस्सा किती आणि योजनेची एकूण मालमत्ता महिन्यागणिक आटते आहे काय, हे आधी पाहावे. कारण पैसे काढणाऱ्यांसाठी चांगले रोखे प्रथम विकले जातात आणि मागे राहिलेल्यांच्या वाट्याला न खपणारे येतात. डिसेंबर २०२१ पासून प्रत्येक कर्जरोखे योजनेला व्याजदराची व पतीची कमाल जोखीम एका चौकटीत दाखवावी लागते, त्यातील ‘सी’ हा पतजोखमीचा सर्वांत वरचा वर्ग होय. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या युनिटांवरील नफा, ते कितीही काळ बाळगले तरी, उत्पन्नाच्या टप्प्यानुसार करपात्र असल्याने, वरील उदाहरणात खर्चानंतर उरलेल्या साडेसात टक्क्यांपैकी ३० टक्के कर भरणाऱ्याच्या हाती, एकही कंपनी न बुडता, सव्वापाच टक्केच पडतात.